वैनगंगेतला सातवा डबा

वैनगंगेच्या डोहात एक लोखंडी डबा आहे.

पोचूभाऊंनी साडी नेसली, पण मिशी काढायला साफ नकार दिला.

दोन तास अकरा मिनिटं.

रंभाबाईला गाता येत नाही.

कंदिलावर धरून काळी केलेली काच. तिच्यावर काडेपेटीतल्या काडीनं लिहिलेला एक शब्द.

पळसाच्या पत्रावळी, चारशे.

मी सहा वर्षांची आहे आणि पडद्याआडून कोणीतरी मला सांगतंय, आता 'आई' म्हण.

*

हे सगळं एकाच नाटकाचं सामान आहे. नाटक आमच्या गावाचं. गाव वैनगंगेच्या काठावर, मार्कंड्याच्या थोडं खाली. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, लेकी माहेरी येतात, आणि रात्री वडश्याच्या कंपनीचं तिकिटाचं नाटक असतं. गावाचं स्वतःचं नाटक त्याच मंचावर दुपारी चारला. उजेडात, फुकट, आणि दरवर्षी तेच.

ते मुळात सिनेमा होतं. चौऱ्याऐंशी साली मार्कंड्याची जत्रा संपल्यावर मूल गावचे जलालुद्दीन आपलं फिरतं टॉकीज घेऊन एका दिवसासाठी आमच्या गावात आले. सिनेमाचं नाव 'एक ताट जास्त'. लोकांना तो इतका आवडला की दिवाळीपर्यंत त्यांनी आठवून आठवून तो वहीत उतरवला आणि मंडईत उभा केला. वही अजून आहे. सध्या माझ्याकडे असते.

पात्रपरिचय

स्टेशनमास्तर. बायको वारलेली, पाच मुलं, स्टेशन इतकं लहान की गाडी कधी थांबते, कधी नाही. घरात सगळे गातात. हिशेबाचं गातात, आंघोळीचं गातात. भूमिका: धनराजभाऊ. पहिल्या वर्षी ते अठ्ठावीसचे होते, आता अडुसष्टचे आहेत. मुलं बदलत गेली, बाप तोच. धनराजभाऊंनी चाळीस वर्षांत एकही वाक्य पाठ केलेलं नाही. आमच्या झाडीपट्टीत नाटक प्रॉम्प्टरच्या तोंडावर चालतं. तो आडून बोलतो, नट पुढे बोलतो. धनराजभाऊंच्या कानात शब्द पडला की तोंडातून निघतो, मध्ये कुठं थांबत नाही.

सैपाकीण. ही सिनेमाची खरी नायिका. परगावाहून स्वयंपाकाला येते. गाणाऱ्या घरात ही एकटी बेसूर. मुलं हसतात, चिडवतात, मग तिच्या हातचं जेवून जेवून तिची होतात. शेवटी पंगत बसते. पाच मुलं, मास्तर, आणि एक ताट जास्त. ती बसते, सगळे तोंडात घास घेऊन गातात, तीही गाते. बेसूर. समाप्त.

आमच्याकडे या पंगतीत खरा भात असतो. मंचावर वाढून झालं की त्याच बादल्या खाली उतरतात आणि बघणारे पत्रावळी पुढे करतात. नाटक कुठं संपलं आणि जेवण कुठं सुरू झालं हे कोणाला सांगता येत नाही.

सैपाकिणीची भूमिका: पहिली सात वर्षं पोचूभाऊ, मिशीसकट. नंतर रंभा.

रंभा. माझ्या वडिलांची, शालिकरामची, दुसरी बायको. एक्क्याण्णव साली चैत्रात आमच्या घरी आली. लग्नाच्या मांडवात बायांनी तिला गाणं म्हणायला लावलं, तिनं म्हटलं, आणि मांडव हसून लोळला. धनराजभाऊ तिथल्या तिथं म्हणाले, "पोचूची सुट्टी. हेच पायजे आपल्याले!"

शेंडेफळ. मास्तरची धाकटी मुलगी. भूमिका त्या वर्षी: मी, भाग्यश्री.

घरी मी रंभाशी बोलत नव्हते. तिनं वाढलेलं खात होते, पण ती चुलीपासून उठून गेल्यावर. मंचावर मात्र मला तिच्याशेजारी बसावं लागलं. तिनं भाताचा घास केला, माझ्या तोंडापुढं धरला. आडून आवाज आला, "आई, मीठ कमी आहे." मी म्हणाले, "आई, मीठ कमी आहे." खाली लोक हसले. रंभा हसली नाही. तिनं चिमूटभर मीठ घेतलं आणि खरंच माझ्या घासावर घातलं.

आयुष्यात तिला मी पहिल्यांदा आई म्हटलं ते वहीत लिहिलं होतं म्हणून. घरी मी तिला बाई म्हणत आले, आजही म्हणते. पण दुसऱ्या दिवशी मी ती चुलीपाशी असतानाच जेवायला बसले.

आचल. माझी मुलगी. गडचिरोलीला कॉलेजात. हिला नाटकात भूमिका नाही. हिच्याकडे फोन आहे.

*

यंदा मंडईच्या पंधरा दिवस आधी आचलनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

"आई, हे पाय. आपलं नाटक. कोणीतरी पूर्ण सिनेमा टाकला आहे. दोन तास अकरा मिनिटं."

मी पंगतीपर्यंत पाहिला. वहीतलं प्रत्येक वाक्य जागच्या जागी. मास्तर गोरा होता, एवढाच फरक. पंगत झाली, गाणं झालं, आणि खाली अजून बावीस मिनिटं शिल्लक दिसत होती.

त्या बावीस मिनिटांत मुलांना रेडिओवर गायला बोलावतात. मास्तरची बदली शहरात होते. नातेवाईक येतात, म्हणतात, अशा घरात ही बेसूर बाई शोभत नाही. ती ताटं घासून ठेवते, बोचकं बांधते, आणि थांबलेल्या एकुलत्या एक गाडीत बसून निघून जाते. मुलं फलाटावर गातात. समाप्त.

मी फोन बंद केला. उपयोग नव्हता. संध्याकाळपर्यंत धनराजभाऊंच्या नातवानं त्यांना दाखवला होता.

"भागे, आपलं नाटक अर्धंच होतं ना व!" धनराजभाऊ तालमीला आले ते डोळे पुसतच. "काय जाते ते बाई, काय जाते! असं केलं तं लोकं रडतीन पाय. रातच्या कंपनीवाल्यायचं नाटक फिक्कं पडन."

"पण भाऊ, आपली पंगत?"

"पंगत राहू दे ना. पंगत झाली का मंग उठन ते. लिव वहीत."

रंभा ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आचलला म्हणाली, "दाखव मले."

तिनं चष्मा लावून ती बावीस मिनिटं पाहिली.

"गेली का हे?"

"हो आजी."

"कुठी गेली?"

"ते नाई दाखवलं."

"जातानी कोनी भाकर बांधून देल्ली नाई तिले?" मग तिनं फोन आचलच्या हातात दिला. "लिव व भाग्यश्री. लोकायनं आता पायलं. उठा लागन."

"बाई, गरज नाही. आपण आपलं करू."

"कायचं आपलं? तेहतीस वर्सं मी चुकीच्या जागी बसून राह्यली मणजे."

ती हे हसत म्हणाली. पण त्या दिवसापासून ती तालमीत उठायचं शिकू लागली. गुडघा धरून, पत्रावळीपासून, बोचकं काखेत. रोज चार-पाच वेळा. साठ वर्षांची बाई पंगतीतून उठून जायचं पाठ करत होती, आणि तिच्यासाठी ते वाक्य मी माझ्या हातानं वहीत लिहिलं होतं: 'निघते मी, मास्तर. ताटं घासून ठेवली आहेत.'

*

सिनेमावाले – जलालुद्दीन.

त्यांना विचारायला मी मूलला गेले. ऐंशीच्या घरातले, खाटेवर बसलेले. त्यांची नात नाहीद हिनं चहा ठेवला.

"चाचा, तुम्ही आमच्या गावात सिनेमा दाखवला तेव्हा शेवटचा भाग दाखवला नाही."

ते बराच वेळ हसले. "आज पता चला? चाळीस साल लागले तुमच्या गावाले!"

मग सांगितलं. सिनेमाच्या रिळांचे सात डबे होते. मार्कंड्याहून डोंग्यातून येताना डोंगा कलला. धरता धरता सातवा डबा वैनगंगेत गेला.

"डोंगा कोणाचा होता, मालूम हाय? शालिकरामचा. तुझ्या बापाचा. तो रडाले आला. मी मटलं, चूप रे, कोनाले सांगू नको. गावाले कळलं तं पयले तुले मारतीन, मंग मले."

"मग?"

"मंग काय? सहावा डबा संपला, पडद्यावर पंगत बसली होती. मी काच कंदिलावर काळी केली, काडीनं लिवलं, 'समाप्त'. टाकली मशीनमधी. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी मटलं, चलो, जान बची."

"पण त्याच दिवाळीला तुम्ही नाटक बघायला आलात. दर वर्षी येता. तेव्हा का नाही सांगितलं?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"सांगाले आल्तो. पयल्याच साली. पाह्यलं तं ते मिशीवाली जेवून राह्यली होती, सारं गाव तिच्यासंगं जेवून राह्यलं होतं. बेटा, भरल्या पंगतीतून कोनाले उठवावं असं आमच्यातही नाई, तुमच्यातही नाई. मीही बसलो जेवाले."

परतताना बसमध्ये मी वही उघडून बसले. त्या पानावर काय करावं ते सुचलं नाही. वडिलांचा मात्र विचार आला. तो डबा त्यांच्या हातून सुटला तेव्हा रंभा त्यांच्या आयुष्यात नव्हती, मी जन्मलेही नव्हते. त्यांना जन्मभर वाटत राहिलं असेल की आपल्या हातून नुकसान झालं. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

*

प्रॉम्प्टर – मी.

प्रॉम्प्टरला बघणारे पाहत नाहीत. उजव्या विंगेत स्टूल, मांडीवर वही. मला मात्र सगळं दिसतं. पहिल्या रांगेत जलालचाचा, शेजारी नाहीद. त्यांच्यामागं पत्रावळी मांडीवर घेतलेलं अख्खं गाव. फोनवर सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला. बायांनी पदर आधीच डोळ्यांपाशी आणून ठेवले होते.

पंगत बसली. पाच मुलं, धनराजभाऊ, आणि ती. भाताची वाफ उजेडातही दिसत होती. गाणं झालं. तिनं बोचकं मांडीमागे लपवलेलं होतं. तिचा डावा हात गुडघ्यावर गेला. उठायची तयारी.

आता माझं वाक्य. 'निघते मी, मास्तर.'

तिनं माझ्याकडे कान दिला. तिच्या उजव्या हातात घास तसाच होता, शेवटचा. तालमीत भात नसायचा, त्यामुळं हे मी याआधी पाहिलं नव्हतं. हातात घास घेऊन ती माझी वाट पाहत होती, मी उठ म्हणण्याची.

मी वही मिटली.

"भात वाढा," मी म्हणाले.

"भात वाढा!" धनराजभाऊ गरजले. शब्द तोंडातून गेल्यावर ते दचकले. मान वळवून विंगेत माझ्याकडे असे पाहू लागले की एरवी मी पळाले असते.

"अजून वाढा. तिच्या ताटात."

"अजून वाढा, तिच्या ताटात," ते म्हणाले, रडकुंडीला येऊन. काय करतील? चाळीस वर्षांची सवय.

मुलांनी वाढलं. मुलांना काय, त्यांना वाढायला आवडतंच. रंभानं पत्रावळीत पडलेला भाताचा ढीग पाहिला, मग मला पाहिलं. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार, वहीत पुढं काही नव्हतं. तिच्या मनात असतं तर ती उठू शकली असती. वाक्य तिला पाठ होतं.

तिनं गुडघ्यावरचा हात काढला.

"एवढा भात, आन वरण कोन वाढन? तुहा बाप?" ती धनराजभाऊंना म्हणाली.

आधी जलालचाचा हसले. मग सगळे. पदर डोळ्यांवरून तोंडावर आले. तिनं गाणं पुन्हा उचललं, एकटीनं, भलत्याच सुरात, आणि बादल्या खाली उतरल्या.

*

"तुनं मले फसवलं," धनराजभाऊ पत्रावळ हातात घेऊनच माझ्याकडे आले. "लोकं रडनार होते व!"

"भाऊ, वांगं घ्या."

"वांगं घेतो. पन पुढच्या साली पाहतो तुले." ते वांगं घेऊन गेले.

रंभा हात धुवायला हौदावर आली. मी तिच्या हातावर पाणी घातलं.

"भाग्यश्री, मी उठली असती तं?"

"तर मी पडदा पाडला असता."

"पडदा पाडाले दोन मानसं लागते."

"आचल होती ना दुसऱ्या बाजूला."

तिनं ओले हात पदराला पुसले. मग मला म्हणाली, "तू जेवली का?"

"नाही अजून."

"मंग बस. मी वाढतो."

आभार

जलालुद्दीन, मूल. काचेच्या तुकड्यासाठी.

शालिकराम. डबा हातून सुटल्याबद्दल.

वैनगंगा.

धनराजभाऊ, काही पाठ न केल्याबद्दल.

बाई.

*

पात्रपरिचयात एक नाव राहिलं: मला जन्म देणारी आई, नंदिनी, अठ्ठ्याऐंशी साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वारली.