विधवेची सूट

"मंगलसूत्र देखिए साहब, मंगलसूत्र!" भाडेकरू सुमीत राठौरनं भर सुनावणीत बोट दाखवलं. "आंटी विधवा कहाँ से हो गईं?"

कल्पना मुळ्येनं पदर पुढे ओढला नाही. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे संपलेले. फ्रीगंज बाजारात एकावर एक अशा दोन खोल्यांची मालकीण. वर ती राहते, खाली सुमीतचं मोबाइलचं दुकान. भाडं साडेचारशे. शेजारच्या गाळ्याला बारा हजार. चाळीस वर्षांपूर्वी सुमीतच्या बापानं भाड्यानं घेतलेली खोली. भाडं वाढवायला गेलं की कायदा म्हणतो, चिमूटभरच वाढवा. त्याच कायद्यात विधवा घरमालकिणीला सूट आहे. स्वतःला गरज असेल तर खोली लवकर रिकामी करून मिळते. आणि नवरा टाकून गेला असेल तर? तर काही नाही. कायद्याला मेलेला नवरा चालतो, पळालेला चालत नाही. लिहिणाऱ्यांनी गुडघे धरून जिना चढणारी बाई कधी पाहिलीच नसणार.

"साहब, इनके पति विलास मुळ्ये एकवीस साल से लापता हैं. सात साल खबर न हो तो कानून मरा मान लेता है," कल्पनाची वकील मृणाल म्हणाली. "बारा साल बाद रामघाट पर विधि भी हो गई."

झाली होती. दीर भय्यासाहेबांनी विलासच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि जाळला. कल्पनाला विचारलं नाही, जेवायला मात्र बोलावलं. ती गेली. कुंकू लावून. तेव्हापासून सासरचं कुणी तिच्याशी बोलत नाही.

भाडे नियंत्रण अधिकारी साहेबांनी फाइलीतून मान वर काढली. "माताजी, इतने सालों में कोई खबर? सोचकर बोलिए, शपथ पर हैं."

मृणालनं कोपर मारलं. "काकू, नाही म्हणा. बस, इतकंच."

"दिवाळी को लँडलाइन पे फोन आया था," कल्पना म्हणाली. "बोले कुछ नहीं. खाँसे."

सुमीत फिसकन हसला.

"खोकला पुरावा नसतो हो काकू!" मृणाल कुजबुजली. "राँग नंबर असेल."

"अगं, अठरा वर्षं त्या खोकल्याशेजारी झोपले मी."

"खालची खोली हवी आहे ना? एक दिवस जिन्यावरून गडगडत याल."

"येईन. पण जिता माणूस मारू कसा? भय्यासाहेबांनी एकदा जाळलाय, आता मी जाळू?"

मृणालनं कपाळाला हात लावला. साहेबांनी लाल पेन उघडलं आणि अर्जातल्या 'विधवा' शब्दावर रेघ मारली.

"फिर छूट नहीं मिलेगी माताजी. भाड़ा कानून से जितना बढ़ता है, उतना ही बढ़ेगा."

सुमीतचं हसू जरा ओशाळलं. "आंटी, चाय मँगवाऊँ?"

"तूच पी."

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई ती. उठता उठता थांबली.

"साहब, काटा है तो बाजू में साइन लगेगी. मेरी."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. लाल रेघेशेजारी जागा कमी होती. कल्पनानं अक्षर बारीक केलं, पण आद्याक्षरांवर भागवलं नाही. सावकाश पूर्ण सही केली: कल्पना विलास मुळ्ये.