सरदाराची बैठक

एक्स-रेसाठी डॉक्टरांनी दिलेला शिशाचा जड झगा अंगात चढवून बद्रीनाथने गुंगीतल्या सरदाराचे मागचे दोन्ही पाय धरले. एवढा दांडगा लॅब्रॅडोर, पण पाय झोपलेल्या लहान मुलासारखे ढिले पडले होते.

"सरळ धरा, काका. ओढायचे नाहीत," डॉ. आलिया म्हणाल्या.

"ओढत नाही. पण खरं सांगू का डॉक्टर, हा सगळा उगाच खटाटोप आहे. याचे कागद आहेत आपल्याकडे."

"असू देत की."

कागद म्हणजे सरदाराची चार पिढ्यांची वंशावळ. जर्मनीला निघालेल्या एका गिऱ्हाइकाने वर्षाचं पिल्लू आणि हे कागद दोन्ही बद्रीनाथच्या हवाली केले, त्याला आता दोन वर्षं झाली होती. बद्रीनाथचं कर्वेनगरात वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान. वंशावळ त्याने काचेत बसवून गणपतीच्या शेजारी लावली. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर तो डोकं खाजवायचा, पण सरदाराच्या पणजोबांनी कुठे कुठे बक्षिसं मारली ते त्याला तोंडपाठ होतं.

आणि असा कुत्रा असून जुन्या गिऱ्हाईक सुशीलाबाईंनी त्याच्या खुब्यांचा एक्स-रे मागितला होता. बाईंच्या राणी या कुत्रीशी सरदाराचं जमवायचं ठरलं होतं. दिवाळीत बाईंचा मुलगा अभिनव बंगळूरहून आला, दुकानात त्याने सरदाराला पाहिलं, काचेतली वंशावळ वाचली आणि दोघांनी उभ्या उभ्या सोयरीक पक्की करून टाकली. बाई तिथेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे होकार, असं दोघं धरून चालले. पण तारीख जवळ आली तशा बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "बद्रीनाथ, पत्रिका उत्तम आहे. पण पत्रिकेत खुबे दिसत नाहीत. तेवढा फोटो आणा, मग बघू." बद्रीनाथला ते फार लागलं. वरपक्षाच्या तोंडावर असं कोणी बोलतं का?

दुसऱ्या कुणाला त्याने उडवून लावलं असतं. बाईंना नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो वाशिमहून नवा नवा आला तेव्हा पुण्यात त्याला पहिलं काम बाईंनी दिलं, त्यांच्या शाळेच्या शिक्षकखोलीतल्या सहा खुर्च्या. पुढे लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा बाईंनी घरातल्या न तुटलेल्या खुर्च्यासुद्धा "बसायला टोचतात" म्हणून त्याच्याकडून विणून घेतल्या.

मशीन बीप बीप करून थांबलं. डॉक्टर पडद्यासमोर जाऊन बसल्या आणि फोटो मोठा करून पाहू लागल्या.

"काका, हा बसतो कसा?"

बद्रीनाथ खुलला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. "तेच तर! याचं नावच त्यावरून पडलं. मागचा एक पाय असा बाजूला टाकून देतो, सगळा भार एका कुल्ल्यावर, आणि भिंतीला रेलतो. लोडाला टेकून सरदार बसावा तसा. गल्लीतली पोरं मुजरा करतात त्याला. थांबा, व्हिडिओ आहे."

डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला. हसल्या नाहीत. मग त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

"ही वाटी. हा हाडाचा गोळा. गोळा वाटीत पूर्ण आत बसायला हवा."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. बद्रीनाथचा सगळा जन्म खुर्च्यांत गेला होता. वाटी उथळ होती आणि गोळा निम्मा बाहेर, डाव्या बाजूला तर निम्म्याहून जास्त. खुर्चीचा पाय खाचेत असा बसला असता, तर त्या खुर्चीला त्याने गिऱ्हाइकाला हात लावू दिला नसता.

"म्हणजे तो रुबाबात बसत नाही," तो हळू म्हणाला.

"नाही. त्याला सरळ बसलं की दुखतं."

बद्रीनाथने झगा काढून खुंटीला अडकवला. झगा दोनदा घसरून खाली पडला. दोन वर्षं हे जनावर दुखतंय म्हणून तसं बसत होतं आणि आपण लोकांना बोलावून बोलावून दाखवत होतो, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच विलक्षण लाज वाटली.

"पण याच्या पणजोबाला बक्षिसं..."

"बक्षिसं दिसण्याला मिळतात, काका. हे आतून बघावं लागतं आणि बघत कोणी नाही. तसेच जुळवत जातात आणि पिढ्यान् पिढ्या हे उतरत राहतं. याला आधी कुठे जुळवलंय?"

"नाही. हे पहिलंच होतं."

"मग वेळेवर आलात." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मोकळेपणा आला. "हे बघा, घाबरायचं नाही. वजन पाच किलो उतरवा. गोळ्या देते, दुखणं कमी होईल. जिने बंद, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. नीट सांभाळलंत तर छान म्हातारा होईल हा. फक्त बाप व्हायचं नाही."

"राणीच्या बाईंना तुम्हीच सांगता का?"

"मी?" डॉक्टर एक्स-रेचा लिफाफा त्याच्या हातात देत म्हणाल्या. "शब्द तुम्ही दिला होतात ना, काका?"

कात्रजच्या दवाखान्यातून परत येताना रिक्षात सरदाराचं डोकं बद्रीनाथच्या मांडीवर होतं आणि लिफाफा सदऱ्याच्या आत.

दुकानात त्याची बायको वेणूबाई बादलीतल्या पाण्यात वेत भिजवत बसली होती. नवऱ्याने एक्स-रेचं सांगितलं तसं तिने सरदारासाठी गोणपाट पसरलं. बद्रीनाथ एक अर्धवट विणलेली खुर्ची पुढ्यात घेऊन बसला आणि तीन वेळा चुकीच्या भोकात वेत घातला. चौथ्या वेळी तो म्हणाला,

"बाईले म्हणतो, सरदारले बरं नाही. गुंगी लई चढली म्हणतो. एवढी तारीख टळली का मंग आपोआपच राहून जाईन."

"अन् पुढच्या वक्ताले?"

"पुढचं पुढं."

वेणूबाईने ओला हात पदराला पुसला. "काहून असं करता जी? त्या मास्तरीण बाईनं तुमाले कधी खोटं सांगतलं?"

"तेच तं! तिनं कधी काही मागतलं नाही आपल्याले. एवढं एक मागतलं अन् तेच देता येत नाही. तिचा मालक गेल्यापासून घरात ती अन् राणी. अभिनव म्हणे, राणीमागं आईले सोबत पाहिजे, एक पिल्लू ठेवीन. मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"याच तोंडानं. दुसरं कुठून आणसान?"

चार वाजेपर्यंत थांबणं भागच होतं. एक ते चार बाईंची झोप, आणि त्या वेळात प्रत्यक्ष यम आला असता तरी बाईंनी त्याला चारनंतर यायला सांगितलं असतं. बद्रीनाथने ते तीन तास एकच बैठक विणली, उसवली, पुन्हा विणली. चारला पाच मिनिटं कमी असताना तो उठला, तोंड धुतलं आणि निघाला.

दार बाईंनीच उघडलं. मागून राणी आली, पिवळसर, देखणी, आणि त्याच्या चपला हुंगायला लागली. तिच्याकडे बघायचं बद्रीनाथने टाळलं.

"बसा. आणलात फोटो?"

तो बसला नाही. "बाई, माफ करा. माझा शब्द मोडतोय. सरदाराच्या खुब्यात जन्मापासून खोट आहे. पिल्लांत उतरेल म्हणाल्या डॉक्टर. हे होणार नाही." एका दमात म्हणून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लिफाफा अजून सदऱ्यातच आहे. त्याने तो काढून दिला. घामाने ओला झाला होता.

बाईंनी चष्मा लावला, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पोरांची उत्तरपत्रिका तपासावी तशी वरून खाली पाहिली.

"हे नीट बसत नाहीये, ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, बाई."

बाईंनी फिल्म टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि आत निघून गेल्या. राणी त्यांच्यामागे गेली. बद्रीनाथ तसाच उभा राहिला. आतून काहीच आवाज येत नव्हता. रडत असतील, त्याला वाटलं. या वयाच्या बाईला आपण आशा दाखवली आणि काढून घेतली. परत जावं की थांबावं ते त्याला कळेना.

मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, पाठोपाठ डब्याचं झाकण. बाई बाहेर आल्या त्या ताटलीत चार लाडू घेऊन. डोळे लाल होते.

"खा."

"बाई?"

"खा म्हणते ना. आणि बसा आता. मी काही तुम्हाला शिक्षा म्हणून उभं केलेलं नाही."

बद्रीनाथ बसला. बाई समोर बसल्या, राणीचं डोकं गुडघ्यावर घेऊन.

"हिची आई, सोनी. तुम्ही पाहिली नव्हतीत. हिच्या वेळी दोन दिवस अडली. मागच्या पडवीत, माझ्या मांडीवर गेली. पाचातली ही एकटी वाचली. ड्रॉपरने दूध पाजून वाढवली मी हिला." त्या थांबल्या. "दिवाळीत तुम्ही दोघं तुमच्या दुकानात ठरवत होतात ना, तेव्हा मला सोनीच दिसत होती. पण अभिनव इतका खूश होता. आईच्या सोबतीची सोय करतोय म्हणून फोनवर सगळ्या मित्रांना सांगत होता. आणि तुम्ही तर काय, वाजंत्री सांगायचीच बाकी ठेवली होतीत. नको असं कुणाला म्हणू?"

"म्हणून एक्स-रे?"

"डॉक्टर आलियाच एकदा म्हणाल्या होत्या, बरेच लॅब्रॅडोर यात नापास होतात. म्हटलं, एवढीच एक वाट आहे." बाईंचा आवाज खाली गेला. "आठ दिवस रोज देवापुढे उभी राहून मी तुमच्या कुत्र्याचं वाईट चिंतलं, बद्रीनाथ. लाज वाटते मला. सरदाराने माझं काय वाकडं केलं होतं?"

बद्रीनाथच्या छातीवर सकाळपासून ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून घेतला. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते त्याने लपवले नाहीत.

"तुमच्या चिंतण्यानं काही झालं नाही, बाई. ते जन्मापासून आहे. उलट तुम्ही मागितला म्हणून कळलं. नाही तर मी मरेपर्यंत त्याच्या दुखण्याला टाळ्या वाजवत बसलो असतो. आज पहिली गोळी दिली, तर दुपारभर चारी पाय ताणून झोपला लेकाचा."

"खरं?"

"तुमची शपथ."

बाईंनी राणीच्या कानामागे खाजवलं आणि स्वतःही एक लाडू उचलला. साखर वर्ज्य होती त्यांना, पण त्यांनी तो अख्खा खाल्ला. मग हात पुसून फोन समोर ओढला.

"अभिनवला सांगते, वरपक्षानेच मोडलं म्हणून. तुमच्यावर ढकललं तर चालेल?"

"ढकला. नवऱ्या मुलातच खोट आहे म्हणा."

बाईंनी स्पीकर लावला आणि सगळं नीट सांगितलं. आवाज त्यांनी इतका दुःखी काढला की पलीकडून अभिनव आईची समजूत घालायला लागला.

"अगं आई, त्यात काय एवढं! सरदार नाही तर दुसरा. माझा एक मित्र आहे बाणेरला, त्याच्याकडे चांगला लॅब्रॅडोर आहे. एक्स-रे वगैरे सगळं केलेला. मी आजच बोलतो त्याच्याशी."

बाईंचा चेहरा उतरला. राणीच्या पट्ट्यावरचा हात घट्ट झाला.

बद्रीनाथने ताटली बाजूला ठेवली आणि फोनपाशी वाकला.

"अभिनवदादा, मी बद्रीनाथ बोलतोय. कोणाशी बोलू नका. बाईंना हे नकोच आहे. राणीची आई त्यांच्या मांडीवर गेली, त्यांना भीती वाटते. दिवाळीपासून वाटते. तुम्ही मला विचारलंत, मी तुम्हाला विचारलं. बाईंना आपण दोघांनी विचारलंच नाही."

फोनमध्ये बंगळूरच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला.

"आई?" अभिनवचा आवाज बदलला होता. "खरंच? अगं, मग सांगायचंस ना मला."

बाईंनी खोल श्वास घेतला.

"सांगितलं की आत्ता," त्या म्हणाल्या. "बद्रीनाथांनी."