हरवल्या, म्हणाला धाकटा

धाकटा बरा झाला त्या दिवशी थोरलीने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. जिन्याखालच्या अरुंद गाळ्यात ती कपडे अल्टर करायची. अठरा वर्षांत तिने असं कुलूप लावलं होतं ते फक्त आई गेली तेव्हा. भाऊ सोफ्यांचा कारागीर. हातात कसब होतं, पण ऐन विशीत सुईच्या नशेच्या नादी लागला आणि दुसऱ्यांच्या सुया टोचून घेता घेता हेपॅटायटिस सी जडवून बसला. बारा आठवडे थोरलीने त्याला समोर बसवून गोळ्या घ्यायला लावल्या. रक्तातून विषाणू गेल्याचा रिपोर्ट आला, तोवर नशाही सुटली होती. थोरली गल्लीभर सांगत सुटली.

त्याच आठवड्यात पलंग झाडताना गादीखाली पाकीट सापडलं. कोऱ्या सुया, सीलबंद. 

"बऱ्या माणसाला ह्या कशाला हव्यात?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि पाकीट फडक्यात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. त्याला काही बोलली नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

आठ महिन्यांनी दोघं तपासणीला, गोळ्या मिळायच्या त्या केंद्रात गेली. नर्सबाईंनी कागद दोनदा वाचला.

"विषाणू दिसतोय."

"परत आला?" थोरलीने विचारलं. "तो तर बरा झाला होता."

"झाले होते. हा नव्याने लागलाय. एकदा बरं झालं म्हणून पुन्हा होत नाही, असं नसतं ह्यात." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "परत सुरू केलंत?"

धाकटा नखावर सुकलेला गोंद खरवडत होता. "तीन-चारदा. काम शिकवणारे आमचे उस्ताद वारले तेव्हा."

"कोऱ्या सुया दिल्या होत्या मी. वेळ आलीच तर असू द्या म्हणून."

"हरवल्या."

"मग?"

"मित्राची घेतली."

"हरवल्या नाहीत," थोरली म्हणाली. "मी टाकल्या."

धाकट्याने मान वर केली नाही. नर्सबाई म्हणाल्या, "औषध पुन्हा देता येतं. बहुतेकांना दुसऱ्यांदाही लागू पडतं. सोमवारी या."

बाहेर बसथांब्यावर बाकाच्या दोन टोकांना दोघं बसली. एक बस आली आणि गेली.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"गादीखालून दुसरं कोण काढणार, ताई?"

"मग भांडायचंस माझ्याशी. मागायच्यास. नाहीतर इथून दुसऱ्या न्यायच्यास."

"इथे यायचं तर तुझ्या दुकानावरून यावं लागतं. तू विचारलं असतंस, कुठे निघालास." तो थोडा थांबला. "वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांनासुद्धा ओरडून सांगून आली होतीस, भाऊ बरा झाला म्हणून. तुझं ते तोंड बघितलं आणि मला धीरच झाला नाही."

मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं. पण तिला पक्कं माहीत होतं, दिल्या नसत्या. घर डोक्यावर घेतलं असतं, आईची शपथ घातली असती. ती पदर तोंडात कोंबून रडत राहिली. धाकटा रस्त्याकडे बघत बसला. बस आल्यावर तिची पिशवी त्यानेच उचलली.

सोमवारी गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यासारखीच ती समोर बसायची, तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा. सुयांचं नवं पाकीट आता टेबलाच्या खणात असायचं. ती खण उघडायची नाही, पण तो कामाला निघाला की विचारायची, "जवळ आहेत ना?" तो म्हणायचा, "आहेत."

सहाव्या आठवड्यात एका सकाळी कामाला निघताना तो उंबऱ्यातच थांबला. चेहरा उतरलेला.

"काल एक वापरली," तो म्हणाला. "कोरी होती."

भिंतीला हात टेकून ती उभी राहिली.

"बूट काढ," ती अखेर म्हणाली. "उपाशी जाऊ नकोस."

तो आत येऊन बसला. तिने ताट वाढलं. त्याने घास उचलला, पण तो त्याच्या हातातच राहिला.