गुरुवारची खोली

मनोरुग्णांच्या त्या दवाखान्याचा कारभार मॅडमच्या हाती आला, तेव्हा तो कसाबसा तग धरून होता. डॉक्टर एकच, रांग पार जिन्यापर्यंत, आणि नव्या पेशंटला तारीख मिळेपर्यंत घरच्यांनाच वेड लागायची पाळी. मॅडम हुशार. आल्या तशा बाह्या सरसावून कामाला लागल्या.

पहिली डोळ्यांत सलली ती गुरुवारची खोली. गुरुवारी दुपारी तिथे बरे झालेले जुने पेशंट जमायचे. ना तपासणी, ना औषध. गप्पा हाणायच्या, एकमेकांची टर उडवायची आणि घरी जायचं. शिंपीकाका त्यांचे म्होरके. कुणाचं बटण तुटलेलं दिसलं की तिथेच लावून द्यायचे, वर चार शब्दही सुनवायचे.

"काका, तुम्हाला आता काय होतंय?" मॅडमनी एकदा विचारलं.

"काही नाही हो. ठणठणीत आहे."

"मग कशाला हेलपाटे घालता? तुमच्या जागी एखादा खरा आजारी माणूस येईल."

काकांना पटलं. भला माणूस, कुणाच्या आड येणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. उलट बाकीच्यांची समजूतही त्यांनीच काढली. खोलीत दुसरे डॉक्टर बसले, रांग ओसरली, वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. मॅडमना आभाळ ठेंगणं झालं. आता दवाखान्याला मरण नाही, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या. रांग ओसरली होती हे खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. काका ठणठणीत होते ते त्या गुरुवारांच्या जोरावर, हे मात्र शहाण्या बाईंच्या ध्यानातच आलं नाही.

वर्ष सरता सरता काकू काकांना दंडाला धरून घेऊन आल्या. दाढी वाढलेली, नजर जमिनीत. झोप उडाली होती, दुकान बंद पडलं होतं.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"इथलं येणं थांबलं तेव्हापासूनच म्हणा ना. गुरुवारी कपडे करून बसायचे. मी म्हणायची, जा की. तर म्हणायचे, आपण बरे आहोत, उगाच कुणाची जागा अडवायची नाही."

कुठून ही अवदसा आठवली, असं झालं मॅडमना. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी नुसतीच खुर्ची पुढे सरकवली.

काका बसले नाहीत.

"मॅडम, आता खरंच आजारी पडलोय," ते हळूच म्हणाले. "आता आलो तर चालेल ना?"