बोटाएवढा रस्ता

सासऱ्यांची दृष्टी दोन वर्षांत थोडी थोडी करत पार गेली. पस्तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले होते. कुठली नळवाहिनी कुठल्या रस्त्याखालून जाते, हे ते झोपेतही सांगत. त्यात मुलाने नव्या वस्तीत घर घेतलं. जुने रस्ते पायांना तरी पाठ होते, इथे पायही कोरे. केस कापायलासुद्धा मुलाचा हात धरून जावं लागे, आणि ते त्यांच्या अगदी जिवावर येई.

सून एका फर्निचरच्या दुकानात कपाटांची ड्रॉइंग काढायची. घरी तिचा छोटा थ्रीडी प्रिंटर होता. हौसेखातर ती त्यावर खुंट्या नाहीतर डब्यांची झाकणं छापत बसे.

"तुझं ते यंत्र नेमकं काय करतं गं?" एका सकाळी सासऱ्यांनी विचारलं.

"सपाट चित्राला उंची देतं, बाबा."

"मग आपल्या रस्त्यांना देऊन बघ."

झालं, सूनबाईंनी पदर खोचला. चित्रं काढायच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिने घरापासून सलूनपर्यंतचे रस्ते रेखले आणि ते चित्र उंची देणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. पडदा रिकामा! रेघ डोळ्यांना कितीही जाड दिसली, तरी त्या सॉफ्टवेअरच्या लेखी ती नुसती रेघ. तिला चारी बाजूंनी बंद आकार केल्याशिवाय ती उभीच राहत नाही. तिने सगळ्या रेघांचे आकार केले. मग एक चौक अडून बसला, कारण एका कोपऱ्यात केसभर फट राहिली होती. ती बुजवली, तर अख्खी वस्ती शर्टाच्या बटणाएवढी आली. दोन्ही सॉफ्टवेअरची मापं वेगळी! ती खुदकन हसली आणि मापं जुळवून घेतली. कपाटांच्या ड्रॉइंगमध्ये असल्या खोड्या तिने शेकड्याने पाहिल्या होत्या.

छपाईला पाच तास लागले. सासरे शेजारी खुर्ची टाकून कान देऊन बसले. "आता वळतंय," ते मोटरच्या आवाजावरून म्हणायचे, "चौक आला वाटतं."

छापलेली पाटी हातात आली. त्यांनी बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"हे उंच काय लागतंय?"

"रस्ते आहेत, बाबा."

"बोट घसरतंय त्यांच्यावरून. माणूस रस्त्यातून चालतो, का कठड्यावरून?"

सून क्षणभर हिरमुसली. पण म्हातारा बोलला ते खरंच होतं. "मग उलटं करते. इमारती उंच, रस्ते खोल."

"रुंदी किती येईल?"

"प्रमाणात धरली तर दोन मिलिमीटर."

अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी हाताखालच्यांचे नकाशे परत पाठवणारा हा माणूस. त्यांनी सरळ तर्जनी पुढे केली. "मोज."

"अठरा."

"अठराच कर. प्रमाण गेलं खड्ड्यात!"

"बाबा, हे तुम्ही म्हणताय?"

"खात्यात सांगू नकोस. निवृत्त माणसालाही मेमो धाडतील." आणि कित्येक दिवसांनी ते खळखळून हसले.

दुसऱ्या पाटीवर बोट चपखल बसलं. घरापाशी खोल खाच, सलूनपाशी गोल टिकली. दोन दिवस त्यांनी ती पाटी मांडीवरून खाली ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन उठले. "मी निघालो. तू मागे ये, पण तोंड उघडायचं नाही."

"अगं, कुठे धडपडले म्हणजे?" नवरा कुजबुजला.

"मी आहे ना," ती म्हणाली आणि चपला सरकवल्या.

सासरे काठी टेकवत ताठ मानेने चालले. एक वळण, दुसरं वळण. तिसऱ्याच्या बरंच अलीकडे ते थबकले. सून दोन पावलं पुढे सरकली. सांगावं का? तिने ओठ दाबून धरले. एक सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला.

"सूनबाई, डावीकडून वारा येतोय," ते मागे न वळता म्हणाले. "इथे गल्ली आहे. तुझ्या नकाशात नाही."

तिने पाहिलं. दोन इमारतींच्या मध्ये कचऱ्याचे डबे ठेवलेली बोळकांडी. "आहे, बाबा, कचऱ्याच्या डब्यांची. मला वाटलं, एवढीशी कशाला दाखवायची."

"मला ते वळणच वाटलं असतं. सरळ डब्यांत गेलो असतो."

"आज दुपारीच दुरुस्त करते."

"खाली तारीख टाक. दुरुस्ती क्रमांक एक."

पुढचं वळण त्यांनी बिनचूक घेतलं. सलूनवाला कात्री घेऊन दारातच आला. "काका, एकटेच?"

"एकटाच," सासरे म्हणाले आणि खुर्ची चाचपून ऐटीत बसले. सून काचेबाहेर उभी होती. डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

दुपारी तिने बोळकांडी काढली, कडा जुळवल्या, तारीख टाकली. प्रिंटर सुरू होतो न होतो तोच सासरे खुर्ची ओढत आले.

"आता बसथांब्यापर्यंतची पाटी घे. मी सांगतो, तू रेघा ओढ."

"बसने कुठे जाणार तुम्ही?" मुलाने आतून विचारलं.

"ते मी ठरवीन," सासरे म्हणाले. "हं, सूनबाई, फाटकातून उजवीकडे."