पुतळाची वीस वर्षं

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता कोपरखैरण्यातल्या एका वाचनालयात, बाबासो कणसे यांनी परत केलेल्या कादंबरीच्या पान दोनशे चौदावर पेनानं लिहिलेलं एक वाक्य सापडलं.

कादंबरीचा पहिला भाग त्या पानावर संपत होता आणि खालचं अर्धं पान कोरं होतं. तिथं लिहिलं होतं, 'ह्या वीस वर्षांत पुतळानं काय केलं?'

"काका, हे तुमचंच ना अक्षर?" निशिगंधानं विचारलं. ती शेजारच्या बोनकोड्याची, इथली ग्रंथपाल, बाबासोंच्या मुलीच्या वयाची.

"माझंच. न्हाई कशाला म्हनू?"

"पुस्तक आहे हे. मार्केटची गोणी नाही, दिसली जागा की मार्का मारायला."

बाबासोंची हयात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलण्यात गेली होती, त्यामुळे टोमणा बरोबर बसला. पण तक्रार त्यांचीही होती.

"अगं पोरी, ह्यो नायक बायकोला, पुतळाला, गावात ठेवून शहरात जातो. पान उलटलं की लिवलंय, 'वीस वर्षं लोटली.' एका वळीत! एक गोण पाठीवर घ्यायला ह्याहून जास्त येळ लागतो."

"जुन्या कादंबऱ्यांत असंच असतं, काका. एक संध्याकाळ चाळीस पानं चालते आणि वीस वर्षं एका ओळीत संपतात. लेखकाला जो काळ महत्त्वाचा वाटतो, तेवढाच तो ताणतो."

"मग पुतळाचा म्हत्त्वाचा न्हवता?"

निशिगंधानं पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. "दुपारी कमिटी जुनी पुस्तकं तपासणार आहे. ह्याची दुसरी प्रत कुठे मिळत नाही. एकच्या आत त्यावर पांढरा कागद नीट चिकटवून आणा. नाहीतर तुमचं कार्ड रद्द होईल, आणि मी काही करू शकणार नाही."

कार्ड रद्द म्हणजे बाबासोंची सकाळच रद्द. निवृत्तीनंतर ते रोज नऊला इथं येत. वाचनालयाच्या सुट्टीचा गुरुवार त्यांना आठवड्याएवढा लांब वाटे.

घरी येऊन त्यांनी कागद कापला, डिंकाची बाटली उघडली. त्यांच्या पत्नी गोजराबाई समोर मेथी निवडत बसल्या होत्या.

"काय झाकताय?" चष्मा लावून त्यांनी पान ओढून घेतलं. चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट फिरवत वाचलं. "ही पुतळा कोन वो?"

बाबासोंनी सांगितलं.

"आनि माघारी आल्यावर त्यो काय म्हनतो तिला?"

"म्हनतो, तू काय बदलली न्हाईस."

गोजराबाई इतक्या हसल्या की मेथीची जुडी मांडीवरून घसरली. "तुमीबी हेच म्हनला होता! मी बोचकं घिऊन यष्टीतनं उतरले तवा."

ते खरंच होतं. एकोणीस वर्षं बाबासो इथं गाववाल्यांच्या गाळ्यात राहिले आणि गोजरा कोरेगावकडे, गावात. दिवाळी आणि जत्रा, वर्षातून दोन फेऱ्या. त्या एकोणीस वर्षांतलं काय ठाऊक आहे, हे बाबासोंनी मनात मोजून पाहिलं. दोन बाळंतपणं आणि एका म्हशीचं मरण. पुढं काही आठवेना.

"मी कवा इचारलंच न्हाई तुला," ते म्हणाले.

"आता तरी कुठं इचारलंय? पुस्तकाला इचारलंय."

बाबासोंनी डिंक बाजूला सारला. म्हणाले, "बरं, तुलाच इचारतो. काय केलंस?"

गोजराबाईंनी पदराला हात पुसले. "आना त्यो कागूद."

चिकटवायच्या कागदावर त्यांनी मोठमोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. 'पयलं साल. हीर आटली. पानी वड्याचं आनलं.' एकेका शब्दाला थांबून, मागचं आठवून.

"वाचनालय एकला बंद हुतंय," बाबासो म्हणाले.

"मी एकोनीस सालं थांबले. तुमी गप बसा."

साडेबाराला कागद भरला. बाबासोंनी न सांगता दुसरा कापून पुढं सरकवला. वाचनालय चालत अठरा मिनिटांवर होतं. निशिगंधाचा फोन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्यांनी तो उशीखाली ठेवला.

"म्हस ह्याच सालात ग्येली का गं?"

"थांबा की. अजून घेतली न्हाई."

बारा पंचेचाळीसला चौथं साल सुरू झालं होतं.