काकूला विचारा

थोरलीचा जीव जळायचा तो एकाच गोष्टीवर. पोर तिच्या पोटची, पण पडलं, लागलं की चिमीच्या तोंडून निघायचं ते "काकू". थोरली दिवसभर तयार कपड्यांच्या कारखान्यात आणि चिमी धाकट्या जावेच्या कडेवर, मग दुसरं काय होणार? पण हे मनाला कोण समजावणार!

पाच दिवस चिमीचा ताप हटेना, म्हणून दोघी तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. दारातच थोरलीने धाकटीला बाकावर बसवलं.

"आत फक्त आईला सोडतात," ती म्हणाली. असा नियमबियम काही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मानेतली गाठ चाचपली, सुजलेले तळहात पाहिले. "मध्यंतरी डोळे लाल झाले होते? अंगावर पुरळ?"

"छे, काही नाही," थोरलीने ठोकून दिलं. तिला कुठलं ठाऊक असायला? पण माहीत नाही म्हणायचं म्हणजे बाकावरचीला आईपणच देऊन टाकायचं.

"नीट आठवा. एक क्वचित होणारा आजार आहे, रक्तवाहिन्यांना सूज येते. खुणा एकदम दिसत नाहीत, येतात नि जातात. औषधाला उशीर झाला तर हृदयाच्या वाहिन्या कायमच्या बिघडू शकतात. पण काहीच नव्हतं म्हणता, तर दोन दिवस वाट पाहू."

थोरली उठली, दार उघडलं. "आत ये गं. मला काही माहीत नाही, तूच सांग."

धाकटीने घडाघडा सांगितलं. डोळे लाल होते, पण चिपडं नव्हती. जीभ लालभडक. पाठीवर पुरळ उठलं ते एका दिवसात गेलं. डॉक्टरीणबाईंनी तिथूनच इस्पितळात फोन लावला.

शिरेतून औषध गेलं आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. हृदयाची तपासणीही ठीक निघाली. थोरली भिंतीला टेकून पोटभर रडली.

"पलंगाजवळ एकीनेच थांबायचं," नर्स म्हणाली. "आई कोण?"

झोपेतही चिमीने धाकटीचं बोट गच्च धरलं होतं. धाकटीने ते हळूच सोडवून घेतलं आणि चिमीची मूठ थोरलीच्या हातात दिली.

"या आई," म्हणाली, आणि पिशवी उचलून चालायला लागली.

थोरली बघतच राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. इतकं चांगलं वागायची काही गरज होती का हिला? आता हिचा राग तरी कुठल्या तोंडाने करायचा? आणि तो तर काही केल्या जात नव्हता.